रोहूचा ताप

डॉ. शलाका वलथरे हिच्या मनातून माणूस एकदा उतरला की पुन्हा वर चढत नसे, आणि उतरायला फारसं काही लागतही नसे. तिच्या मत्स्यरोग केंद्रातला शिपाई चारदा सांगूनही नमुन्यांची पेटी उन्हात ठेवायचा, तो उतरला. तंत्रज्ञ अहवालात दर वेळी ‘विषाणू’ऐवजी ‘जिवाणू’ लिहायचा, तो उतरला. मत्स्य आरोग्य प्राधिकरणाचे संचालक डॉ. श्रीरंग कानफाडे तर पहिल्या भाषणातच उतरले होते. त्यांच्या सादरीकरणात पहिलं चित्र त्यांचं स्वतःचं होतं, दुसरं मंत्र्यांसोबतचं आणि मासा तिसऱ्या चित्रात आला होता.

पण त्यांच्या यंत्रावर शलाकाचा विश्वास होता. माणूस हलका असला तरी यंत्र खरं असू शकतं, असं ती म्हणे.

यंत्राचं नाव ‘पहारा’. तांदळाच्या दाण्याएवढं, रोहूच्या पाठीवरच्या पराशेजारी सुईनं बसवायचं. चार वर्षांपूर्वी भंडारा-गोंदियाच्या तलावांत कल्लेजळ आली होती. हा नवाच विषाणू होता. माशाचे कल्ले आधी तपकिरी पडत, मग सडत, आणि आठवड्यात तलाव रिकामा होई. रोग दिसेपर्यंत उशीर झालेला असे. पहाऱ्यानं तो उशीर संपवला.

माशाच्या अंगात विषाणू शिरला की त्याच्या पेशी जाग्या होतात. माणसाच्या तांबड्या पेशींना केंद्रक नसतं. त्या नुसत्या प्राणवायू वाहून नेणाऱ्या हमाल. माशाच्या तांबड्या पेशींना केंद्रक असतं, आणि वेळ आली की त्या हमाली करता करता लढाईतही उतरतात. भक्षक पेशी विषाणू गिळतात, त्याचे तुकडे ओळखतात आणि इंटरफेरॉन नावाचं प्रथिन सोडतात. ते प्रथिन म्हणजे शेजारच्या पेशींना घातलेली हाक: शत्रू आत आलाय, आपापली दारं लावा, कुणाला आपल्या घरात पिलावळ वाढवू देऊ नका. ही हाक पहाऱ्याच्या दाण्याला ऐकू येई. हाक नसली तर मोबाइलवर त्या माशाचा ठिपका हिरवा, थोडी असली तर पिवळा, जोरात असली तर लाल. मासा वरून ठणठणीत दिसत असतानाच आतली गडबड कळू लागली.

नियम सोपा होता. तलावात दोनशे माशांना दाणे. त्यातले चाळीस लाल झाले की बहात्तर तासांत तलावात ब्लीचिंग टाकायचं, मेलेला सगळा मासा खड्ड्यात पुरून वर चुना ओतायचा. आदेशावर सही रोगतज्ज्ञाची. भंडारा केंद्रात रोगतज्ज्ञ एकच होती, शलाका.

मार्चमध्ये पिंपळखारीच्या तलावात सेहेचाळीस ठिपके लाल झाले. शलाका जीप घेऊन पोचली तेव्हा तलावाच्या बांधावर, पाळीवर, निम्मं गाव जमलं होतं. मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्ष सायत्राबाई शेंडे पुढे आल्या. पन्नाशी उलटलेली बाई, डोंगा स्वतः वल्हवणारी, बोलायला मोजकी. काठच्या उथळ पाण्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, “म्याडम, मासा उन्हाले येऊन बसला हाये. आठ-दहा दिवस बसू द्या जी त्याले. ताप उतरला का जाते वापस खोल पान्यात.”

शलाका हसली, तेही मोठ्यानं. मग तिनं त्या सगळ्यांसमोर समजावून सांगितलं की मासा थंड रक्ताचा असतो, पाणी जेवढं गरम तेवढंच त्याचं अंग गरम, त्याला ताप येईल कुठून? असल्या गावगप्पांपायीच चार वर्षं तलाव मेले, हेही सांगितलं. ती स्वतः ढिवराची, मासेमाराची मुलगी होती. आपल्या माणसांचं अडाणीपण तिला परक्याच्या अडाणीपणाहून जास्त झोंबायचं. शिकलेल्या माणसानं एकदा तोंडावर सांगितलं की ते जातं, असा तिचा समज होता.

जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून तिनं सही केली. दुसऱ्या दिवशी ब्लीचिंग पडलं. आधी काठचा मासा उलटला, त्याच उन्हातला, मग मधला. सायत्राबाई रडल्या नाहीत की भांडल्या नाहीत. शेवटचं घमेलं खड्ड्यात पडेपर्यंत त्या पाळीवर उभ्या राहिल्या आणि मग बाकीच्या बायकांना घेऊन घरी गेल्या.

त्याच आठवड्यात कानफाड्यांनी नीलघाट जलाशयावर पत्रकारांना बोलावलं. तिथं एका कंपनीचे पाचशे पिंजरे होते. तरंगत्या चौकटींना टांगलेली खोल जाळी, आत कोंबलेले रोहू. टायवर जीवरक्षक जाकीट घालून संचालक पिंजऱ्याच्या फळीवर उभे राहिले. मागे मोठ्या पडद्यावर दहा हजार ठिपके होते आणि सगळे हिरवे. ते म्हणाले, जुने तलाव म्हणजे रोगाची माहेरघरं. आणि हे बघा, आधुनिक शेती. शलाकाला तो माणूस टायसकट हास्यास्पद वाटला. तरी तिनं टाळ्या वाजवल्या, कारण हिरवं होतं ते हिरवं होतं.

एप्रिलच्या सुरुवातीला सोनबोडीचा तलाव लाल झाला. ठिपके एक्कावन्न.

सोनबोडी तिच्या मामाचं गाव. वडील गेल्यावर ती कवडूमामाकडेच वाढली. तिच्या फीसाठी मामानं दोन उन्हाळे दुसऱ्याच्या डोंग्यावर काम केलं होतं. त्याबद्दल तो कधी बोलला नाही आणि तीही नाही. आता तो तिथल्या सोसायटीचा सचिव होता. पिंपळखारीचं त्यानं ऐकलंच होतं. त्यानं गयावया केली नाही. जीपमधून उतरताच तिच्या हातातला मोबाइल मागितला, लाल ठिपके बराच वेळ पाहिले आणि विचारलं, “शलू, हा लाल दिवा कोन लावते? रोग का मासा?”

“मासा,” ती म्हणाली. “त्याच्या पेशी हाक देतात, तिचा तो...”

सात वर्षं ज्या विषयात तिनं काम केलं त्यातला पहिला प्रश्न एका सातवी पास माणसानं विचारला होता, आणि तो तिला स्वतःला कधीच पडला नव्हता. दिवा मासा लावत होता. लाल ठिपका म्हणजे रोग नव्हता. लाल ठिपका म्हणजे लढाई. आणि ती कोण जिंकतंय हे दाण्याला कळत नव्हतं.

तिच्याकडे बहात्तर तास होते. तीन दिवस ती सकाळी दहापासून उन्हं कलेपर्यंत पाळीवर बसली. मधल्या पाण्याचं तापमान सत्तावीस अंश होतं, काठच्या गवतातल्या उथळ पाण्याचं तेहतीस. एक्कावन्नपैकी सत्तेचाळीस लाल मासे त्या उथळ पाण्यातच होते. पाठी जवळजवळ उघड्या पडलेल्या, घारी डोक्यावर घिरट्या घालतायत, तरी हलत नव्हते. मामा जाळं लावून तिला हवे ते मासे पकडून द्यायचा आणि ती कल्ल्याचा टाचणीएवढा तुकडा काढून पुन्हा सोडायची. पहिल्या दिवशी लाल माशांच्या कल्ल्यांत विषाणू भरपूर होता. तिसऱ्या दिवशी त्याच माशांत शोधून सापडेना. उलट खोल पाण्यातले नऊ हिरवे मासे तपासले, तर सात निरोगी होते आणि दोघांचे कल्ले विषाणूनं खच्चून भरलेले होते. त्या दोघांच्या पेशींनी हाकच दिली नव्हती.

मग तिला आठवलं. एम.एस्सी.ला एका प्रकरणाच्या शेवटी बारीक टायपात एक परिच्छेद होता. परीक्षेला येत नाही म्हणून तिनं तो सोडून दिला होता. थंड रक्ताच्या प्राण्याला आतून ताप आणता येत नाही. म्हणून तो चालत तापाकडे जातो. आजारी मासा ऊन पाणी शोधतो. त्या उबेत त्याच्या पेशी जास्त जोरात, जास्त लवकर हाक देतात. आणि विषाणूही हे ठाऊक असल्यासारखा वागतो. काही विषाणू खोटी प्रथिनं सोडतात, ती पेशींकडून मेंदूकडे निघालेला तापाचा निरोप वाटेतच गिळतात. माशाला कळतच नाही की आपल्याला उन्हात जायचं आहे. बहुतेक मासे एक-दोन दिवस उशिरा का होईना, पोचतात. पण जिथं जायला ऊन पाणीच नाही, तिथं निरोप पोचला काय नि न पोचला काय; पेशींची हाक उठतच नाही, ठिपका हिरवाच राहतो.

नीलघाटचे पिंजरे तिच्या डोळ्यांसमोर आले. मासा लवकर वाढावा म्हणून तिथं पंप तळाचं गार पाणी सारखं वर आणत. वरपासून खालपर्यंत सव्वीस अंश, ना कमी ना जास्त. कंपनीच्या माहितीपत्रकावर ते अभिमानानं छापलेलं होतं.

मुदत संपली तरी सोनबोडीचा आदेश सहीविना ठेवून ती चौथ्या दिवशी सकाळी नीलघाटला गेली. दाण्यांची तपासणी करायचा अधिकार तिला होता. कंपनीच्या व्यवस्थापकानं नाक मुरडलं, पण बोट दिली. तिनं सहा पिंजऱ्यांतून एकेक हिरवा मासा घेतला. सहाही चपळ होते, चकचकीत होते. सहाही जणांच्या कल्ल्यांत एवढा विषाणू होता की यंत्राची चूक असेल म्हणून तिनं चाचणी पुन्हा लावली. चूक नव्हती.

दुपारी ती नागपूरला संचालकांच्या खोलीत होती. कानफाड्यांनी कॉफी मागवली, तिचे आलेख शांतपणे पाहिले आणि कागद एकावर एक नीट जुळवून तिच्याकडे सरकवले.

“हुशार आहात तुम्ही, वलथरे. जरा उशिरा पोचलात, एवढंच.”

“म्हणजे?”

“पहिल्या चाचण्यांतच हे दिसलं होतं. ज्या टाक्यांना ऊन लागत होतं, त्यातले लाल मासे वाचले.”

“मग नियम लालवर का केलात?”

“कारण लाल दिसतं. न दिसणाऱ्यावर नियम करता येत नाही. सरकारला एक रंग हवा होता, आपण दिला.” त्यांनी कॉफीचा घोट घेतला. “चार वर्षं लोक ओरडत होते, काहीतरी करा. आपण काहीतरी केलं.”

“नीलघाटचा मासा मरणार आहे. सगळा.”

“मेला तर ती दुर्घटना असेल. आज तो अंदाज आहे. अंदाजावर मी पंप बंद करायला लावत नाही, आणि तुम्हीही सोनबोडीचा आदेश अडवायचा नाही. उद्या पाचपर्यंत सही पाठवा.”

शलाकानं त्यांच्याकडे पाहिलं. हा माणूस तिला कायमच तुच्छ वाटत आला होता आणि आता तर त्याला कारणही मिळालं होतं, पण नेहमीसारखी उंची काही तिला मिळेना. त्यानं जाणूनबुजून नियम केला होता. तिनं न जाणता, न विचारता सही केली होती, आणि वर हसली होती. त्याच्या खोलीतल्या सगळ्या प्रशस्तिपत्रांखाली, गुबगुबीत खुर्चीत, कॉफीचा कप हातात धरून ती बसली होती, आणि त्या कपावर प्राधिकरणाचं जे चिन्ह होतं तेच तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावरही होतं.

तिनं कॉफी तशीच ठेवली आणि उठली.

सही तिनं केली नाही. पाच वाजून गेल्यावर निलंबनाचा आदेश मोबाइलवरच आला. तोवर ती सोनबोडीला पोचली होती. ब्लीचिंगची गाडी दुसऱ्या दिवशी आली, पण नव्या रोगतज्ज्ञाची नेमणूक व्हायची होती आणि सहीशिवाय पिशवी फोडायला चालक तयार नव्हता. तो दोन तास आंब्याखाली बसला, मामाकडे जेवला आणि परत गेला.

मामानं सोसायटीला सांगितलं की उथळ पाण्यात कुणी जाळं टाकायचं नाही, गुरं सोडायची नाहीत, पोरांनी पोहायचं नाही. बायका पाळीपाळीनं घारींना हाकलायला बसल्या. शलाकाही बसली. तिच्याशी फार कुणी बोललं नाही. मामी डबा आणून द्यायची आणि तिच्याजवळ न बसता चार हात लांब, बायकांत जाऊन बसायची. पिंपळखारीत मामीची बहीण दिली होती.

ठिपके लाल झाल्यापासून सहाव्या दिवशी तीस उरले. सातव्या दिवशी अकरा. नवव्या दिवशी शेवटचा लाल ठिपका पिवळा झाला, मग हिरवा, आणि काठचे मासे एकेक करून खोल पाण्यात निघून गेले. मेले ते पंधरातले एक असतील. मामानं पाण्यात उतरून मेलेले गोळा केले आणि तिला म्हणाला की असं तर आजाच्या काळीही व्हायचं, फक्त तेव्हा दिवे नव्हते. त्यात टोमणा नव्हता. असता तर तिला सोपं गेलं असतं.

नीलघाट त्याच्या दुसऱ्या दिवशी गेलं. बातमी ऐकून ती बसनं तिथं पोचली तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. पाचशे पिंजऱ्यांत पाणी दिसत नव्हतं. नुसती पांढरी पोटं, एकावर एक. फळीवर व्यवस्थापक उभा होता, नाकाला रुमाल लावून. मोठा पडदा चालूच होता. त्यावर दहा हजार ठिपके हिरवेगार होते. मेलेल्या माशाची पेशी हाक देत नाही, आणि हाक नाही म्हणजे सुरक्षित, असं पडद्याला शिकवलेलं होतं. व्यवस्थापकानं तिला ओळखलं. तो म्हणाला, “म्याडम, सिस्टिम तर ओके दाखवतेय.” त्याच्याविषयी काही वाटून घ्यायचेही कष्ट तिनं घेतले नाहीत.

पंधरा दिवसांत कानफाडे पुन्हा टीव्हीवर आले. टाय नवा होता. नीलघाटच्या दुर्दैवी घटनेनंतर प्राधिकरणानं अहोरात्र संशोधन करून एक मूलगामी शोध लावला आहे, असं ते म्हणाले: माशाला ताप हवा असतो. आता प्रत्येक पिंजऱ्यात एक ‘उष्ण कोपरा’ असेल आणि ‘पहारा-दोन’ लाल ठिपक्याला वीर म्हणून ओळखेल. मुलाखत घेणारीनं विचारलं, हे आधी कुणालाच कसं सुचलं नाही? संचालक विनयानं हसले आणि म्हणाले, विज्ञान असंच पुढं जातं. जुना नियम एका परिपत्रकानं रद्द झाला. परिपत्रक सव्वा पानाचं होतं. चुन्याखाली गेलेल्या तलावांचं नाव त्यात कुठंच नव्हतं.

शलाकाचं निलंबन उठलं नाही. शिस्तभंग तो शिस्तभंग, असं पत्र आलं.

मे महिन्यात सोनबोडीच्या सोसायटीनं ठरवलं की वाचलेल्यांतला थोरला मासा पिंपळखारीला द्यायचा. ज्यानं एकदा कल्लेजळ पचवली, त्याच्या पेशी तिला पुढच्या वेळी लवकर ओळखतात. हे शलाकानं सांगितलं, पण ठरवलं त्यांचं त्यांनी. टेम्पोत पाण्याच्या दोन टाक्या चढल्या. मामा पुढं बसला. शलाका मागे टाक्यांशेजारी बसली, पाण्यात हवा सोडणारा पंप धरून. तिला कुणी बोलावलं नव्हतं, आणि येऊ नको असंही कुणी म्हटलं नव्हतं.

पिंपळखारीची पाळ चुन्यानं अजून पांढुरकी होती. सायत्राबाई आणि वीस-पंचवीस माणसं उभी होती. शलाका उतरली आणि घरून ठरवून आणलेलं सगळं विसरून तिनं सरळ सांगून टाकलं की लाल ठिपका रोगाचा नव्हता, माशाचा होता. मासा उन्हात बरा होत होता. तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं आणि मी सही केली ती चूक होती. एका म्हाताऱ्यानं खाली बसून विडी पेटवली.

“किती दिवस थांबाचं होतं?” सायत्राबाईंनी विचारलं.

“नऊ.”

सायत्राबाईंनी मान हलवली. त्यांनी कमरेच्या पिशवीतून घडी घातलेला कागद काढला आणि शलाकाच्या हातात दिला. “ग्रामसभेचा ठराव हाये. ग्रामसेवकानं लेयला, पन आमाले त्याची भाषा समजत नाई. तुमी वाचा. सगळ्याइले आयकू आलं पायजे.”

शलाकानं वाचायला सुरुवात केली. विषय क्रमांक चार. सर्वानुमते ठरले की, मौजे पिंपळखारी येथील तलावाच्या पाळीवर व पाण्यात मत्स्य आरोग्य प्राधिकरणाच्या कोणत्याही आजी अथवा माजी अधिकाऱ्यास पाऊल ठेवण्यास कायमची मनाई करण्यात येत आहे. ‘अथवा माजी’ हे दोन शब्द टंकलेल्या ओळीच्या वर निळ्या पेननं घातले होते. तिनं ते गाळले नाहीत. सूचक, अनुमोदक आणि तारखेसकट ठराव पूर्ण वाचला, कागदाची घडी घातली आणि परत दिला.

“समजलं ना जी?” सायत्राबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. बाजारात शिळा मासा बाजूला सारावा, तसा त्यांचा आवाज होता.

“हाव,” शलाका म्हणाली. नागपूरला शिकायला गेल्यापासून हा शब्द तिच्या तोंडून निघाला नव्हता.

तिनं मामाकडे पाहिलं. मामा टाकीचं झाकण उघडण्यात गुंतला होता, किंवा तसं दाखवत होता. ती पाळ उतरली आणि पलीकडच्या शेताच्या धुऱ्यावर जाऊन उभी राहिली. तिथून पाणी दिसत नव्हतं. मागे माणसांची हालचाल, टाकी कलंडवताना कुणाचं तरी “हळू, हळू”, आणि मग पाण्यात पडणाऱ्या माशांचे आवाज, एकामागून एक. कुणी हाक मारेल असं तिला वाटलं नाही आणि कुणी मारली नाही. टेम्पो परत निघेपर्यंत ती उन्हात तशीच उभी राहिली.